वर्षाचा आढावा आणि आठवीतल्या नव्या मुलांची तयारी: नाशिकच्या माध्यमिक शाळांसाठी

बहुतेक माध्यमिक शाळांत वर्षाचा हिशेब दोनदा मांडला जातो. एकदा स्नेहसंमेलनातल्या अहवालवाचनात, तेव्हा ढाली, पदकं आणि देणगीदारांची नावं वाचली जातात. दुसऱ्यांदा निकालाच्या दिवशी, टक्केवारीत. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी संपवून जूनमध्ये आठवीत येऊन बसणाऱ्या मुलाच्या कामाचं त्यात काहीच नसतं. त्याच्या उपयोगी पडणारा आढावा वेगळा: गेल्या जूनमध्ये आलेली मुलं कुठे अडली, कशामुळे सावरली, कोण गळलं आणि का. तो आढावा कसा घ्यायचा आणि त्यावरून नव्या तुकडीची तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने दिलं आहे. पाचवीपासून वर्ग असलेल्या शाळांना पाचवीसाठीही हीच रीत चालेल, कागदपत्रांचा तपशील तेवढा बदलेल.

वेळ आणि माणसं

आढाव्याचा महिना एप्रिल. तेव्हा शिक्षक दहावीच्या उत्तरपत्रिका, नववीचे पेपर आणि निकालपत्रकं यांत बुडालेले असतात हे खरं. पण मे महिन्यात कुणी भेटत नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कुणाला काही आठवत नाही. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधल्या दिवसांत दीड-दीड तासाच्या तीन बैठका बसवा. पहिलीत कागद, दुसरीत मुलांचं म्हणणं, तिसरीत निर्णय. सगळं एकाच दुपारी उरकायला गेलं की शेवटी ‘पुढच्या वर्षी विशेष लक्ष देऊ’ एवढंच इतिवृत्तात उतरतं.

बैठकीला आठवीचे सगळे वर्गशिक्षक, गणित आणि इंग्रजीचे शिक्षक, पालक-शिक्षक संघातले दोन पालक आणि कार्यालयातले लिपिक हवेत. लिपिकांना हमखास विसरलं जातं. दाखल्यासाठी कोण चार वेळा खेपा घालून गेलं, कुणाच्या नावात घोळ आहे, कोणत्या मुलीचे वडील फी विचारून परत फिरले, हे सगळं त्यांना माहीत असतं.

कागद काढताना

टेबलावर चार गोष्टी हव्यात: आठवीचे कॅटलॉग (वर्गाची हजेरीपत्रकं), जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंदवही), दोन्ही सत्रांची गुणपत्रकं आणि वर्षभरात दिलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांची नोंद.

कॅटलॉगमधली सरासरी हजेरी पाहून थांबू नका, कारण ती फसवते. साठ मुलांचा वर्ग आणि जुलैत २४ दिवस शाळा भरली असं धरू. एकूण १,४४० हजेऱ्या व्हायला हव्यात. हजेरी ९० टक्के म्हणजे १४४ खाडे. हे खाडे साठ मुलांनी वाटून घेतले असतील तर प्रत्येकाचे दोन-अडीच दिवस, पावसात एवढं चालायचंच. पण सहा मुलं महिनाभर आलीच नाहीत तरी आकडा तोच येतो, सहा गुणिले २४ म्हणजे १४४. पहिल्या बाबतीत काही करायचं नाही, दुसऱ्या बाबतीत सहा घरी जायचं होतं. म्हणून टक्केवारीऐवजी नावं काढा: जून आणि जुलै मिळून सलग तीन किंवा जास्त दिवस गैरहजर असलेली मुलं कोणती?

मग फुलस्केप कागद आडवा धरून एक तक्ता आखा. रकाने सात पुरेत: नाव, आधीची शाळा, राहण्याचा भाग, येण्याचं साधन, जून-जुलैतले खाडे, पहिल्या घटक चाचणीतले गणित-इंग्रजीचे गुण, वर्षअखेर स्थिती. एक जण वाचतो, दुसरा लिहितो. साठ मुलांना दोनेक तास लागतात. संगणकावर केलात तर उत्तमच, कारण पुढचं काम क्रम बदलण्याचं आहे. आधी आडनावाप्रमाणे लावलेला तक्ता ‘आधीची शाळा’ या रकान्याप्रमाणे लावा, मग ‘राहण्याचा भाग’ आणि ‘साधन’ यांप्रमाणे.

गोम इथेच सापडते. एरवी ‘ही मुलं कच्चीच’ म्हणून सोडून दिलेल्या आठ जणांपैकी सहा एकाच शाळेतून आलेले निघतात, म्हणजे तिथल्या शिक्षकांशी बोलायचं असतं. उशिरा येणारी मुलं एकाच बसने येणारी निघतात, म्हणजे त्यांना वर्गाबाहेर उभं करून उपयोग नसतो.

मुलांना विचारा, पण नीट विचारा

आठवी संपवलेल्या मुलांना अर्धा कागद द्या. नाव लिहायचं नाही. वर्गावर त्या वेळी त्यांचे वर्गशिक्षक नकोत. पंधरा मिनिटं. ‘शाळा कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान वाटली’ एवढंच मिळेल. प्रश्न घडलेल्या गोष्टींचे हवेत:

१. पहिल्या आठवड्यात कोणती गोष्ट कुणाला विचारायची ते कळलं नाही?
२. कोणत्या तासाला काय चाललंय ते समजत नव्हतं, आणि ते कधी समजायला लागलं?
३. मधल्या सुट्टीत कुठे आणि कुणाबरोबर बसायचास किंवा बसायचीस?
४. शाळेतल्या कोणत्या जागी जायला नको वाटायचं?
५. नवीन येणाऱ्या मुलाला एकच गोष्ट सांगायची तर काय सांगशील?

चौथ्या प्रश्नाला बहुतेक वेळा स्वच्छतागृहाचं नाव येतं. कडी नाही, पाणी नाही, मोठी मुलं दारात उभी असतात. मुलींशी या विषयावर शिक्षिकांनी वेगळं बोलावं, पाळीच्या दिवसांत शाळेत काय सोय आहे आणि पॅड कुणाकडे मागायचं हे त्यांतल्या किती जणींना माहीत होतं ते विचारावं.

गोळा झालेले कागद विषयवार ढीग करून मोजा. मात्र एखाद्या कागदावर मारहाण, छेडछाड किंवा लैंगिक त्रासाचा नुसता उल्लेख जरी असला तरी तो ढिगात जात नाही, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जातो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक त्रासाची माहिती ज्याच्या हाती येते त्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपण आतल्या आत चौकशी करू’ हा पर्याय शाळेला नाही. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गावर्गांत लावलेला आहे का, तेही याच वेळी पाहून घ्या.

लिहायचं किती

दोन पानं. ‘इंग्रजीत मुलं मागे पडतात’ असलं वाक्य त्यात नको, ते गेल्या वर्षीही लिहिलेलं असतं. ‘साठपैकी बावीस मुलांना जूनमध्ये इंग्रजी परिच्छेद सलग वाचता आला नाही, सप्टेंबरअखेर त्यांतले नऊ उरले, रोजच्या वीस मिनिटांच्या वाचनाने फरक पडला, गृहपाठाने नाही’ अशा धाटणीचं हवं. प्रत्येक मुद्द्यापुढे कुणी आणि कधीपर्यंत करायचं ते लिहा. नाव नसलेलं काम होत नाही. पालकांना किंवा शाळा व्यवस्थापन समितीला द्यायच्या प्रतीत मात्र मुलांची नावं अजिबात ठेवू नका.

तारखांचं नाशिकी गणित

पुढच्या वर्षाचं नियोजन करताना शासनाच्या सुट्ट्यांची यादी पुरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या रस्त्यांवरून पंचवटीत ये-जा करणाऱ्यांची पंचाईत होते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर पाणी आलं ही चर्चा सुरू झाली की त्या दिवशी चाचणी ठेवण्यात अर्थ नसतो. पहिली घटक चाचणी या काळात येत असेल तर प्रत्येक पेपरला एक राखीव दिवस आधीच जाहीर करा. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात, त्यामुळे त्या दिवशी तोंडी परीक्षा ठेवली तर मुलं येत नाहीत आणि आली तरी रंगलेली येतात.

सिंहस्थाचं वर्ष तर वेगळंच धरावं लागेल. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे आणि अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला (त्र्यंबकेश्वरचं तिसरं स्नान १२ सप्टेंबरला). म्हणजे २०२७ च्या जूनमध्ये येणाऱ्या तुकडीचे बसण्या-रुळण्याचे नेमके तीन महिने गर्दीत आणि वाहतुकीच्या बदलांत जातील. त्या वर्षी घटक चाचणी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात उरकणं शहाणपणाचं.

कोण येणार, ते मार्चमध्येच कळतं

प्रवेश जूनमध्ये होतात, पण मुलं कुठून येणार हे गेल्या वर्षीच्या तक्त्यावरून आधीच माहीत असतं. महापालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात, जिल्हा परिषदेच्या बऱ्याच त्याआधी. ज्या तीन-चार शाळांतून निम्म्याहून जास्त मुलं येतात, तिथल्या सातवीच्या वर्गशिक्षकांना मार्चच्या शेवटी तासभर भेटून या. विचारायचं एवढंच: कोणाला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, कोण घरी धाकट्यांना सांभाळतं, कोण मार्चमध्येच कामाला लागलं आहे. गुणांची यादी नंतर मिळतेच. शक्य असेल तर त्या मुलांना एका शनिवारी आपल्या शाळेत बोलवून प्रयोगशाळा दाखवा; प्रवेश कुठे घ्यायचा हे मुलंच घरी ठरवून टाकतात.

सातपूर, अंबड, सिडकोकडच्या शाळांत उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुलं असतात. त्यांना मराठी बोलता येतं, वाचताना ती अडतात. पेठ, सुरगाण्याकडून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची घरची बोली कोकणा असते, क्वचित वारली. वर्गात त्यांच्या उच्चारावर एकदा हशा पिकला की ती महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत. हा हशा पहिल्याच दिवशी शिक्षकांनी थांबवायचा असतो, आणि त्यात शिक्षकांचं स्वतःचं हसूही आलं.

दाखला, आधार आणि नावाची जोडणी

या कामात घाई केली की दहावीला भोगावं लागतं. दहावीच्या परीक्षेचा अर्ज जनरल रजिस्टरवरून भरला जातो, आणि जनरल रजिस्टरमधली नोंद आधीच्या शाळेच्या दाखल्यावरून. नावातला ऱ्हस्व-दीर्घ, आईचं नाव, जन्मतारीख, जातीची नोंद यांतली चूक आठवीत सापडली तर प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात पाठवून मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्त करता येते. त्या मंजुरीशिवाय मुख्याध्यापकांनी परस्पर खाडाखोड करायची नाही.

प्रत्येक प्रवेशाच्या वेळी तीन कागद शेजारी ठेवा: दाखला, आधार कार्ड, जन्माचा दाखला. पालकांना नाव मोठ्याने वाचून दाखवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर करून तपासा. ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडतं. फरक असेल तर पेन्सिलने खूण करून त्याच दिवशी पालकांच्या हाती चिठ्ठी द्या: काय बदलायचं आणि कुठे.

यू-डायस प्लस या केंद्राच्या शाळा-नोंदणी पोर्टलवर आधीच्या शाळेने मुलाला ‘दाखला घेऊन गेला’ असं दाखवलं की ते ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, येतं आणि मग पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक) आणि जन्मतारीख टाकून आपल्याकडे घेता येतं. सरल या राज्याच्या पोर्टलवर आपण विनंती पाठवायची आणि जुन्या शाळेने मान्य करायची. अडतं ते इथे की जुनी शाळा सुट्टीत बंद असते. म्हणून सातवीच्या शिक्षकांना मार्चमध्ये भेटता तेव्हाच मे महिन्यात हे काम कोण पाहणार त्याचा फोन नंबर घेऊन ठेवा. आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर संचमान्यता, म्हणजे शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी, होते, तेव्हा हे काम शिक्षकांच्याही पोटापाण्याचं आहे.

दाखला वेळेत आला नाही म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. तात्पुरती नोंद करून बसवून घ्या आणि दाखल्याचा पाठपुरावा शाळेने करावा.

जातीचा दाखला आठवीतच काढायला सांगा. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा मिळवायला गावी खेपा होतात आणि दहावीनंतर या खेपा प्रवेशाच्या गर्दीत घालाव्या लागतात.

जूनचे पहिले दहा दिवस: पाचच गणितं

आठवीच्या गणिताच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण परिमेय आणि अपरिमेय संख्यांचं, दुसरं समांतर रेषा आणि छेदिकेचं. अपूर्णांक कच्चा असलेलं मूल पहिल्याच आठवड्यात मागे पडतं आणि कंपासपेटीतला कोनमापक कधी नीट न धरलेलं तिसऱ्यात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत छोटी चाचपणी घ्या. गुण द्यायचे नाहीत, निकाल वर्गात सांगायचा नाही.

गणितासाठी पाच उदाहरणं पुरतात आणि चुकलेलं उत्तर बरोबर उत्तराइतकंच बोलकं असतं.

३२६४ भागिले १६. उत्तर २०४. चोवीस लिहिणाऱ्या मुलाला भागाकार येतो. ते भागफलातलं मधलं शून्य गाळतं. दोन दिवसांत सुधारतं. ज्याला सुरुवातच करता येत नाही त्याची अडचण बहुधा सोळाच्या पाढ्याची असते.

तीन चतुर्थांश अधिक दोन पंचमांश. उत्तर तेवीस विसांश. पाच नवमांश असं उत्तर आलं तर मुलाने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे, म्हणजे समच्छेद करण्याची गरजच त्याला पटलेली नाही. नियम पुन्हा सांगून भागत नाही, कागदाच्या पट्ट्या घडी घालून दाखवाव्या लागतात: पाऊण पट्टी आणि आणखी काही मिळून पाच नवमांश, म्हणजे पाऊणपेक्षा कमी, कसं होईल?

उणे सात अधिक तीन. उत्तर उणे चार. उणे दहा लिहिणाऱ्यांना संख्यारेषेवर चालवा, फरशीवर खडूने आखलेली रेषा सगळ्यांत चांगली.

०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? पस्तीस पाचापेक्षा मोठे म्हणून ०.३५ म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. पन्नास पैसे आणि पस्तीस पैसे म्हटलं की बहुतेकांना उजाडतं.

८०० चे १५ टक्के. उत्तर १२०.

वाचनासाठी सातवीच्या मराठी पुस्तकातला शंभरेक शब्दांचा उतारा आणि इंग्रजीची पाच सोपी वाक्यं. एकेका मुलाला बाजूला बोलावून. प्रत्येकी चार मिनिटं धरली तर साठ मुलांची २४० मिनिटं. तीन शिक्षक, दोन दिवस, रोज चाळीस मिनिटं एवढंच काम आहे. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावलं तर अडखळणारी मुलं ‘आवाज बसलाय’ म्हणतात.

तीन गट पाडा आणि पुढचे आठ दिवस रोज दोन तास त्याच कामाला द्या. अभ्यासक्रम मागे पडेल अशी हाकाटी होईल. पडत नाही, ऑगस्टमध्ये भरून निघतो. आधीच्या शाळेला नावं ठेवणं मात्र टाळा, मुलांना ते कळतं आणि झोंबतं.

सेमीच्या तुकडीत, म्हणजे जिथे गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात तिथे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना गणित येत असतं, शब्द येत नसतात. अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम, छेदिका म्हणजे ट्रान्सव्हर्सल, अशी गणित-विज्ञान मिळून साठ-सत्तर शब्दांची यादी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्या. रोज आठ शब्द घेतले तर आठ-नऊ दिवसांत यादी संपते.

ताई-दादा

नववीतली मुलं नव्यांच्या मदतीला द्या, पाच नव्यांमागे एक, म्हणजे साठांना बारा. निवडताना पहिल्या दहा क्रमांकांची मुलं घेऊ नका. जी मुलं गेल्या वर्षी स्वतः गोंधळली आणि सावरली, ती या कामात चांगली. वसतिगृहातल्या मुलाला त्याच भागातला दादा मिळाला तर निम्मं काम होतं.

त्यांना तासभर बसवून कामं सांगा: पाच जणांची नावं पहिल्या दिवशी पाठ करणं, आठवडाभर मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बसणं, कुणी दोन दिवस आलं नाही तर वर्गशिक्षकांना सांगणं. काय करायचं नाही तेही तितकंच स्पष्ट हवं. शिक्षा करायची नाही, कामं सांगायची नाहीत, पैसे गोळा करायचे नाहीत, कुणाचं गुपित वर्गात सांगायचं नाही. ताई-दादांना मॉनिटरचे अधिकार दिले की आठवड्यात दादागिरी सुरू होते. ही जोडी पहिल्या घटक चाचणीपर्यंतच ठेवा.

पहिला दिवस

प्रवेशोत्सवात गुलाबपुष्प आणि पाठ्यपुस्तकं द्या, भाषणं सगळी मिळून दहा मिनिटांत आटोपा. मग नव्या मुलांचे दहा-दहाचे सहा गट करा आणि सहा जागा दाखवा: पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा, मुख्याध्यापकांची खोली. प्रत्येक जागी दहा मिनिटं, तासाभरात सगळं फिरून होतं. कार्यालयात लिपिकांनी मुलांना बोनाफाईड (या शाळेत शिकत असल्याचा दाखला) कसा मागायचा ते सांगावं. खरं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बोनाफाईड सही-शिक्क्यासह तयार ठेवले तर साठ अर्जांचा व्याप वाचतो, कारण बस पासासाठी ते लगेच लागतात. ग्रामीण भागातून एसटीने येणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे आणि इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत. यादी आगारात देऊन पास शाळेतच मागवता येतात.

वह्यांची यादी फळ्यावर लिहा आणि पहिला आठवडा एकच कच्ची वही चालेल असं सांगून टाका. गणवेशाची सक्ती जुलैपर्यंत नको, कारण शिंप्यांकडे गर्दी असते आणि दंडाच्या भीतीने मुलं घरी बसतात. पावसाळ्यात बुटांऐवजी सँडल चालू द्या. ओल्या मोज्यांत सहा तास बसलेल्या मुलाला नायट्याशिवाय काही मिळत नाही. रेनकोट वाळायला व्हरांड्यात दोरी बांधा, नाहीतर ते बाकाखाली जातात आणि दप्तर भिजतं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे, तेव्हा ताटली आणायची हे नव्यांना सांगा, आणि नववीत तो मिळणार नाही हे पालकांना आत्ताच सांगून ठेवा.

पालकांची सभा

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्या असतात. दुसऱ्या पाळीचा माणूस संध्याकाळी येऊ शकत नाही आणि तिसरीचा सकाळी झोपलेला असतो. म्हणून एकच सभा दोनदा घ्या, एक शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, एक रविवारी सकाळी अकराला. पन्नास मिनिटांच्या वर नको.

सांगायच्या गोष्टी मोजक्या. वर्षभरात कशाकशाचे पैसे लागतील आणि कशाचे लागणार नाहीत. अडचण आली तर कुणाला, कोणत्या वेळेत फोन करायचा. आणि दोन परीक्षा. पहिली वार्षिक: आठवीला आता आपोआप वरच्या वर्गात जाता येत नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नापास झाल्यास पुनर्परीक्षा, तीही सुटली नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं. बऱ्याच घरांत अजून जुनीच समजूत आहे. दुसरी एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा: सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींना ५०) आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आणि मुलाच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खाते जुलैतच तयार ठेवायला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त शाळेने लिहायचं, नाहीतर महत्त्वाची सूचना शुभप्रभातांत बुडते. आणि घरातला एकच फोन वडिलांबरोबर पाळीला गेलेला असतो, म्हणून प्रत्येक सूचना वहीतही लिहून द्या.

ऑगस्ट आणि दिवाळीनंतर

तीन दिवस सलग गैरहजर मुलाच्या घरी तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी दोन शिक्षकांनी घरी जाणं. ‘दंड घेऊन या’ असा निरोप पाठवला तर मूल पुढच्या आठवड्यातही येत नाही. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एप्रिलचा तोच सात रकान्यांचा तक्ता नव्या मुलांच्या नावांनी भरा आणि गेल्या वर्षीच्या तक्त्याशेजारी ठेवा. एप्रिलमध्ये ज्यांच्यावर कामं सोपवली होती त्यांना त्याच बैठकीत विचारा.

एवढं करूनही एक गट निसटतो: दिवाळीनंतर येणारी मुलं. द्राक्षाच्या हंगामात मजुरीसाठी दिंडोरी-निफाडकडे सरकणाऱ्या कुटुंबांची किंवा कारखान्यात बदली झालेल्यांची मुलं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येऊन बसतात. त्यांना ना प्रवेशोत्सव मिळतो, ना ताई-दादा, ना ती दहा दिवसांची उजळणी. त्यांच्यासाठी कपाटात पाच संच तयार ठेवा: पाठ्यपुस्तकं, शब्दांची यादी, पाच गणितांचा कागद, वेळापत्रक, बोनाफाईडचा कोरा नमुना. मूल आलं त्या दिवशी संच हातात द्यायचा, चाचपणी दुसऱ्या दिवशी घ्यायची आणि जूनच्या बारा ताई-दादांपैकी एकाला पुन्हा महिनाभरासाठी बोलवायचं. जानेवारीत संच संपले तर आणखी दोन करून ठेवायचे.